हजार ग्रॅमची रेघ

टेबलावर अंथरलेल्या कागदावर खाकी चिकटपट्टीने गुंडाळलेला, पोलिसांनी जप्त केलेल्या गांजाचा एक पुडा ठेवला आहे. तो फोडताच उग्र वास खोलीभर पसरतो. काट्यावर वजन होते, आकडा पंचनाम्यात उतरतो, दोन पंच सह्या करतात आणि पाकिटावर लाखेची मोहोर उमटते. आरोपीला किती वर्षांची शिक्षा होऊ शकते, हे मुख्यतः त्या आकड्यावरून ठरते.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानुसार गांजा म्हणजे कॅनॅबिसच्या झाडाचा फुलोरा किंवा फळे धरलेला शेंडा. शेंड्यांविना आलेली नुसती पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत. म्हणूनच पानांची भांग या कायद्याबाहेर राहते, जरी महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण असले तरी. साहजिकच, तोललेल्या मालात शेंडे किती आणि पाने-देठ किती, हा वाद जामिनाच्या सुनावणीतच उभा राहतो.

या वादाला कारणही तसेच आहे. गांजा एक किलोच्या आत असेल, तर कमाल शिक्षा एक वर्षाचा सश्रम कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्यापुढे वीस किलोपर्यंत कारावास दहा वर्षांपर्यंत जातो. वीस किलोच्या वर मात्र किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे, आणि आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण असल्याची व जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही याची न्यायालयाला खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. चरसाच्या मर्यादा याहून कितीतरी कडक, १०० ग्रॅम आणि एक किलो. खिशात मावणारा दीडशे ग्रॅम चरस पंधरा किलो गांजाच्या पंक्तीला जाऊन बसतो.

‘पिशवी मित्राची होती, आत काय आहे ते मला ठाऊक नव्हते,’ हा बचाव वाटतो तितका सोपा नाही. ताबा सिद्ध झाला की आरोपीला त्याची जाणीव होती असे कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क त्याला सांगावाच लागतो. हातातल्या पिशवीला मात्र हे संरक्षण नाही.

उलटतपासणीत बचावाचा वकील बहुधा त्या लाखेपाशी येतो: मोहोर कोणाची होती, आणि कारवाईनंतर ती कोणाच्या ताब्यात राहिली?