कानविंदे यांच्या इमारतींतला वारा

मंडळी, कोकणातल्या आचऱ्याची गावपळण तुम्हाला ऐकून तरी माहीत असेल. रामेश्वराचा कौल मिळाला की सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री रानात झोपड्या उभारून राहतो. आर्किटेक्ट अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म याच गावातला, १९१६ सालचा. माणसाला निवाऱ्यापुरता आडोसा किती लागतो आणि वारा कुठून घ्यायचा, हे अशा गावातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नसावं, असं मला नेहमी वाटतं.

वडील चित्रकार. मुलालाही ओढ चित्रांचीच. पण मुंबईच्या जे. जे.मध्ये तो आर्किटेक्चरकडे वळला. तिथे क्लॉड बॅटली शिकवत. जुने वाडे, देवळं टेपने मोजून त्यांची रेखाटनं करायला लावणारा हा इंग्रज प्राध्यापक. पुढे कानविंदे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत लागले. देशभर प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या आणि त्या बांधण्याचा अनुभव असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून सरकारने १९४५ मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं. शिकवायला साक्षात वॉल्टर ग्रोपिअस, बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि वास्तुकलेच्या शाळेचे संस्थापक. १९४७ मध्ये कानविंदे परतले ते नव्या देशात.

अहमदाबादची अटिरा, म्हणजे कापड गिरण्यांची संशोधन संस्था, ही त्यांची सुरुवातीची मोठी इमारत, पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीची. सरळ रेषा, नक्षीला पूर्ण फाटा. इमारत चांगली आहे, पण तिच्यात ग्रोपिअस यांचा विद्यार्थी जास्त बोलतो, असं माझं मत आहे. आचऱ्याचा मुलगा बोलू लागला तो नंतर. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली आणि चार-पाच वर्षांत कानपूरच्या आयआयटीचं काम हाती आलं.

या कामापाशी मला जरा थांबायचंय. संस्थेचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. एक मराठी संचालक, एक मराठी आर्किटेक्ट, आणि समोर गंगेकाठचं सपाट, उन्हाळ्यात भाजून काढणारं मैदान. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यात, भर दुपारी. रिक्षातून उतरलो तेव्हा डोळे उघडवत नव्हते. वाचनालयाकडे जाणाऱ्या वाटेला लागलो आणि पन्नास पावलांत जीव थाऱ्यावर आला. डोक्यावर दुसरी वाट होती! पहिल्या मजल्याच्या उंचीवरून एका इमारतीतून दुसरीत जाणारी. वरच्याला ती रस्ता, खालच्याला तेच छप्पर. गाड्या बाहेरच्या अंगाला ठेवलेल्या, आत सगळं पायी. दोन तासिकांच्या मधल्या दहा मिनिटांत मुलं कुठून कुठे जातील, कुठे थबकून बोलत उभी राहतील, याचा विचार नकाशात आधी झालेला, इमारती मागून आलेल्या.

आणि भिंती पाहा. काँक्रीटचा सांगाडा उघडा, मधली भर विटांची. वर गिलावा नाही, रंग नाही. वजन कोण पेलतंय आणि उन्हाला कोण अडवतंय, ते बाहेरून वाचता येतं. मी विटांवर हात ठेवून पाहिला. सावलीतल्या बाजूची भिंत त्या दुपारीही गार होती. प्रादेशिक वास्तुकला म्हटली की आपण लगेच कमानी आणि घुमट काढायला घेतो. कानविंदे यांनी त्या मुलखाची वीट घेतली, तिथलं ऊन मोजलं, आणि तेवढ्यावर कानपूर कानपूरचं झालं.

मेहसाण्याची दूधसागर डेअरी, १९७० ते ७३, ही मला त्यांची सर्वांत धीट इमारत वाटते. डेअरीत वाफ, यंत्रांची धग, आणि बाहेर उत्तर गुजरातचा उन्हाळा. तापलेली हवा वर चढते, हे आपण शाळेत शिकलो. कानविंदे यांनी तिला वर जायला चौकोनी धुराड्यांसारखे उंच पोकळ मनोरे काढून दिले आणि छपराच्या वर त्यांची रांगच उभी केली. लांबून ती एखाद्या गढीच्या बुरुजांसारखी दिसते. पण त्यातला एकही बुरूज शोभेचा नाही, प्रत्येकातून हवा बाहेर पडते. दुधाच्या कारखान्याला कुणी इतक्या आदराने वागवलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

१९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये ते गेले. त्यांनी आखलेलं दिल्लीचं इस्कॉनचं मंदिर पुरं झालं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

पुण्यात एनआयबीएम रोडवरून तुमच्यापैकी कितीतरी जण रोज ये-जा करत असाल. ज्या बँक व्यवस्थापन संस्थेवरून त्या रस्त्याला नाव पडलं, तिच्या इमारती कानविंदे यांच्याच. कुंपणाबाहेरून फारसं दिसत नाही. रीतसर परवानगी काढून एकदा आत जा, दुपारीच जा, आणि वारा कुठून येतो ते पाहा.