केग संपला, हँडल उरलं

(दृश्य : बारचा काउंटर. ओळीने लागलेले बिअरचे नळ, प्रत्येकावर वेगळं हँडल.)

बाटलीला लेबल असतं, कॅनवर चित्र असतं. नळातून येणाऱ्या बिअरला यातलं काहीच नसतं. केग म्हणजे बिअरचं पिंप. ते मागच्या थंड खोलीत आणि नळी काउंटरच्या आत, दोन्ही नजरेआड. गिऱ्हाइकाला दिसतं ते फक्त हँडल. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी, म्हणजे बिअरच्या कारखान्यांनी, आपली बरीचशी जाहिरात याच वीत-दीड वीत लांबीच्या दांड्यात कोंबली. मग ते दांडे जमवणारेही आलेच.

ही गोष्ट सुरू होते १९३३ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतली दारूबंदी उठली. नळातून कुणाची बिअर येते ते गिऱ्हाइकाला दिसलंच पाहिजे, असे नियम मग अनेक राज्यांत आले.

(दृश्य : बेकेलाइटचा काळा गोळा, अगदी जवळून.)

त्या काळातलं हे हँडल. संग्राहक याला 'बॉल नॉब' म्हणतात. दोनेक इंचांचा काळा गोळा, समोरची बाजू सपाट, तिच्यात ब्रुअरीचं नाव असलेली मिन्याची चकती. उलटा करून पाहा. बारटेंडरचा तळवा जिथे टेकायचा तिथली चकाकी गेलेली, चकतीची कड टवकलेली. दिसायला हा अगदीच साधा. तरी जुना संग्राहक पुतळ्यांसारखी रंगीबेरंगी हँडलं सोडून आधी याच्याकडे वळतो, आणि मला वाटतं, त्याचं बरोबर आहे. यावर ज्यांची नावं आहेत त्यातल्या कितीतरी ब्रुअऱ्या मोठ्या कंपन्यांनी गिळल्या, नाहीतर बंद पडल्या.

१९७० चं दशक संपत आलं तेव्हा अख्ख्या अमेरिकेत शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. वारं फिरवलं ते मूठभर हट्टी माणसांनी. वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातल्या फ्रिट्झ मेटॅगने १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची बुडीत निघालेली अँकर ब्रुअरी हातात घेतली. जॅक मॅकऑलिफने १९७६ मध्ये सोनोमात न्यू अल्बियन काढली. ती काही वर्षांतच बंद पडली, पण तिच्याकडे पाहून इतरांना धीर आला. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअर कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. १९८० मध्ये केन ग्रॉसमन यांनी चिको गावात दूध डेअरीची जुनी यंत्रं जुळवून सिएरा नेवाडा उभी केली. आज ब्रुअऱ्यांचा आकडा नऊ हजारांच्या पुढे आहे.

या गर्दीत टीव्हीवर जाहिरात करायला पैसा कुणाकडे होता? मग हँडलं उंच झाली, विचित्र झाली. मासे, कवट्या, वल्ही, कुऱ्हाडी. लाकूड मागे पडून साच्यात ओतलेलं आणि हाताने रंगवलेलं रेझिन आलं.

(दृश्य : बारटेंडर एक हँडल काढून दुसरं बसवतो.)

हे बघा, केग बदलला की हँडल बदलायला काही क्षण पुरतात. कारण बुडाशी असलेले आटे. व्यास ३/८ इंच, इंचाला १६ आटे. अमेरिकेत हे माप जवळजवळ ठरूनच गेलंय. त्यामुळे बहुतेक कुठलंही हँडल कुठल्याही नळावर बसतं, आणि छंदाची खरी सोय हीच. हँडल फिरवून बसवलं आणि चेहरा भिंतीकडे झाला, तर खालची कडी सैल करायची, तोंड गिऱ्हाइकाकडे वळवायचं, कडी पुन्हा आवळायची.

नळ उघडतो हँडल पुढे ओढल्यावर. कलाकाराने ड्रॅगनचं जड डोकं पुढे झुकवलेलं असलं, तर ते स्वतःच्याच वजनाने नळ उघडून मोकळं होतं! उपाय म्हणून नळात आपोआप बंद करणारी स्प्रिंग घालतात. शिवाय शेजारच्या नळात अंतर जेमतेम तीन-चार इंच. पंख पसरलेला गरुड कागदावर शोभतो, काउंटरवर शेजाऱ्याला धक्के देतो. बारटेंडर मंडळींना विचारा, ती सडपातळ हँडलावरच खूश असतात.

ब्रिटनमध्ये हा छंद वेगळ्या वाटेने गेला. तिथल्या हातपंपाचा दांडा कायम राहतो, बदलते ती त्यावर अडकवलेली नावाची पाटी. म्हणून तिथे पाट्या जमवतात.

अमेरिकेत मात्र हँडल सहसा ब्रुअरी देते, बार वापरतो. बिअर मिळेनाशी झाली की ते खोक्यात पडतं आणि तिथून संग्राहकाकडे जातं. बारमधून चोरूनही नेतात. त्याला छंद म्हणायचं काही कारण नाही, छोट्या ब्रुअरीला नवं हँडल करून घेणं स्वस्त पडत नाही.

(दृश्य : भिंतीवर मांडलेला संग्रह.)

अँकर २०२३ मध्ये बंद झाली. पुढच्या वर्षी चोबानी दह्याचे संस्थापक हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली. तिची हँडलं ज्यांच्या भिंतीवर आहेत ते सध्या पेचात आहेत : हा बंद ब्रुअरीचा ठेवा म्हणायचा, की चालू ब्रुअरीचा?