सायडर करायचं तर आधी ज्यूसचं लेबल वाचा

मंडळी, आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी सायडर, म्हणजे सफरचंदाचा ज्यूस आंबवून केलेली हलकी दारू, करणं हा गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरती एक बाटली केली तरी. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत घरच्यापुरतं करायला मुभा आहे, आणि पुण्यात घरटी कुणीतरी तिकडे असतंच, व्हिडिओ कॉलवर फेसाळलेली बरणी दाखवून "बाबा, हे बरोबर चाललंय ना?" असं विचारणारं. तर त्यांना काय सांगायचं ते आज बघू.

सगळ्यात जास्त घोळ ज्यूसमध्येच होतो. लोक यीस्ट (ज्यूस आंबवणारं खमीर) कुठलं, बरणी कुठली यात आठवडा घालवतात आणि ज्यूस हाताला येईल तो उचलतात. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट दिसलं, आपल्याकडच्या पाकिटांवर 202 आणि 211 हे नंबर असतात, की ती बाटली परत ठेवा. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, पण वाढू देत नाही, मग तुम्ही चार दिवस बघत बसता आणि एक बुडबुडा येत नाही. पाश्चराइज केलेला चालतो, व्हिटॅमिन सी घातलेला चालतो, पण 'अ‍ॅपल ड्रिंक' नको, त्यात पाणी आणि साखरच जास्त.

आता यीस्ट. पावाचं चालतं, पण वाइनचं किंवा शॅम्पेनचं घेतलं तर चव स्वच्छ येते आणि गाळ तळाशी घट्ट बसतो. 5 ग्रॅमच्या पाकिटात वीसेक लिटर होतं, त्यामुळे 4-5 लिटरला ते अख्खं ओतायची गरज नाही. बरणी, नळी, चमचा सगळं सॅनिटायझ केलेलं हवं, नुसतं धुतलेलं नाही. वर चांगली जागा मोकळी सोडा कारण पहिल्या एक-दोन दिवसांत फेस उसळून येतो, आणि तोंडाला एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) लावा, नसेल तर टाचणीने भोक पाडलेला फुगा. फुगा ताठ उभा राहिला की समजायचं गाडी सुरू झाली, लोळला की ओसरत आली. आपला मे महिना याला फार गरम, तिकडच्या हीटरच्या घरातले 20 डिग्री यीस्टला मानवतात. मधे कधी सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरून ओतून देऊ नका, यीस्टला पोषण कमी पडलं की असं होतं आणि बहुतेक वेळा तो आपोआप जातो.

सफरचंदाच्या ज्यूसमध्ये लिटरमागे 100-110 ग्रॅम साखर असते, त्यातल्या साधारण 17 ग्रॅमला एक टक्का अल्कोहोल, म्हणजे सहाच्या आसपास. वरून साखर घालून कडक करण्याचा मोह मला अजिबात पटत नाही, सफरचंदच हरवतं त्यात.

दोन-तीन आठवड्यांनी वरचं नितळ नळीने काढून घ्यायचं, आणि आता जे सांगतो ते नीट ऐका. आंबणं संपलंय की नाही हे हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी, पाण्याचं रीडिंग 1.000) बघा, रीडिंग 1.000 च्या आसपास किंवा खाली येऊन दोन-तीन दिवस हललं नाही तरच बाटलीत भरा. घाईने काचेच्या बाटलीत बूच घट्ट मारलं तर आत गॅस साठत राहतो आणि बाटली फुटते, काच डोळ्यात जाऊ शकते. फसफस हवी असेल तर लिटरला 6-7 ग्रॅम साखर घालून सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरा, बाटली दाबून बघा, दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये.

मागून प्रश्न आलाय, यात विषारी दारू होते का? नाही. ज्यूस आंबवताना मिथेनॉल अगदी किंचित तयार होतं, लोक दगावतात ते बहुतेक कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळे. पण हेच सायडर भट्टी लावून गाळायच्या भानगडीत पोरांना पडू देऊ नका, ते तिकडेही परवान्याशिवाय चालत नाही आणि आगीचा धोका वेगळाच.