उधाणाची भरती, सुमात्राचा भूकंप आणि दिवसाची लांबी

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी. फलाटाला लोकल लागते.)

लोकलची वाट पाहत फलाटावर अगदी स्तब्ध उभा असलेला माणूससुद्धा सेकंदाला जवळपास 440 मीटर वेगाने पूर्वेकडे चाललेला असतो. फलाट, रूळ, मासुंदा तलाव, येऊरचे डोंगर, सगळं त्याच्याबरोबर निघालेलं असतं. पृथ्वीच्या परिवलनाचा हा ठाण्याच्या अक्षांशावरचा वेग. विषुववृत्तावर तो सेकंदाला 465 मीटर असतो. आपल्याला तो जाणवत नाही, कारण तो इतका एकसारखा आहे की धक्का म्हणून बसत नाही. पण तो कायम तेवढाच राहतो, असं नाही. मोठ्या भूकंपाने तो किंचित बदलतो.

(दृश्य: हिंदी महासागराचा नकाशा. सुमात्रापासून अंदमानपर्यंत रेषा उमटत जाते.)

26 डिसेंबर 2004, रविवार. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजत आले होते. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, समुद्रतळाखाली, 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथून खडक फाटत गेला तो उत्तरेला थेट आपल्या अंदमानपर्यंत, सुमारे 1300 किलोमीटर. या पट्ट्यात भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली शिरत असतो. शतकानुशतकं अडकून साठलेला ताण काही मिनिटांत सुटला. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं आणि तिथल्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला. उत्तर अंदमानात उलट झालं. तिथला किनारा वर उचलला गेला आणि पाण्याखालची पोवळी उघडी पडली. त्यामागोमाग आलेल्या त्सुनामीने अनेक देशांत मिळून सव्वादोन लाखांहून जास्त माणसं नेली.

कुठे जमीन खाली गेली, कुठे वर आली. सगळा हिशेब मांडला, तर पृथ्वीचं थोडंसं वस्तुमान तिच्या आसाच्या जवळ सरकलं होतं. दोघी जणी फुगडी घालताना हात आखडून जवळ आल्या की गिरकीचा वेग वाढतो, तेच इथे घडलं. पृथ्वी जराशी आवळली गेली आणि जराशी जोरात फिरू लागली. भौतिकशास्त्रात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. बाहेरून कुणी ढकललं नाही, तर फिरण्याचा एकूण संवेग तेवढाच राहतो. वस्तुमान आत आलं की वेग वाढतो, बाहेर गेलं की कमी होतो.

किती वाढला वेग? नासाच्या रिचर्ड ग्रॉस आणि बेंजामिन चाओ यांनी 2005 च्या सुरुवातीला गणित मांडलं, तेव्हा दिवस 2.68 मायक्रोसेकंदांनी लहान झाल्याचं उत्तर आलं. पुढे भूकंपाचं अधिक नेमकं प्रारूप वापरल्यावर ग्रॉस यांना 6.8 मायक्रोसेकंद हा आकडा मिळाला. दोन्ही आकडे वाचायला मिळतात ते यामुळे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. 6.8 मायक्रोसेकंदांत आपला ठाण्याचा फलाट फक्त 3 मिलिमीटर पुढे जातो. या फरकातून एक अख्खा सेकंद साठायला 400 वर्षं लागतील.

आता आसाकडे येऊ. इथे फार घोटाळा होतो. मोठा भूकंप झाला की ‘पृथ्वीचा आस सरकला’ अशा बातम्या येतात, मोबाइलवर फिरतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पृथ्वी कलंडली, आता ऋतू बदलणार. तसं काहीही होत नाही. आपला आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि ऋतू त्यामुळे होतात. हा अवकाशातला कल भूकंपाने हलत नाही. त्याला सूर्य, चंद्र, ग्रह यांचं बाहेरचं आकर्षणच लागतं. भूकंप सरकवतो तो वेगळा आस. पृथ्वीचं वस्तुमान ज्या रेषेभोवती समतोल वाटलेलं असतं, तिला आकृतीचा आस म्हणतात. ही रेषा पृथ्वी ज्याभोवती फिरते त्या उत्तर-दक्षिण आसापासून सुमारे 10 मीटर बाजूला असते. समतोल असा थोडा चुकलेला असल्यामुळे पृथ्वी फिरताना किंचित डुलत राहते.

11 मार्च 2011 ला जपानच्या तोहोकू किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. होन्शू बेटाचा काही भाग 2.4 मीटर पूर्वेला सरकला. गणितानुसार आकृतीचा आस 17 सेंटिमीटर हलला आणि दिवस 1.8 मायक्रोसेकंदांनी घटला. सुमात्राचा भूकंप जवळजवळ तेवढाच मोठा, तरी त्याच्या वेळी आस 7 सेंटिमीटरच हलला होता. कारण सुमात्रा विषुववृत्ताला लागून आहे. तिथल्या हालचालीने दिवसाची लांबी जास्त बदलते, आस कमी हलतो. मध्य अक्षांशांवर उलट होतं. 2010 चा चिलीचा भूकंप 8.8 चा, दोन्हींहून लहान, तरी तिथे आस 8 सेंटिमीटर सरकला. तिथली भेग अधिक उभ्या उताराने खाली जाते आणि वस्तुमान वर-खाली जास्त हलवते.

(दृश्य: किल्लारीचं स्मारक. निवेदन सावकाश.)

मग आपल्याकडचं काय? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाची तीव्रता 6.2 होती. सुमात्राच्या भूकंपाची ऊर्जा त्याच्या वीस हजार पटींहून जास्त. पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबात किल्लारीची नोंदसुद्धा होणार नाही. पण त्या पहाटे गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली आणि हजारो माणसं गेली. आस किती हलला, हे भूकंप किती भीषण होता याचं माप नव्हे.

(दृश्य: खारफुटी, ऐरोलीजवळची ठाणे खाडी. भरतीचं पाणी चिखलावर चढतंय.)

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळे आकडे गणिताने काढलेले आहेत. क्वेसारांवर, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांवर, रोखलेल्या रेडिओ दुर्बिणींनी दिवसाची लांबी सुमारे 20 मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक मोजता येत होती. भूकंपाचा परिणाम त्याहून लहान. शिवाय वारे आणि सागरी प्रवाह वर्षभरात दिवसाची लांबी सुमारे एक मिलिसेकंदाने, म्हणजे 1000 मायक्रोसेकंदांनी वरखाली करतात. त्या गलबल्यात भूकंपाचा आवाज वेगळा काढणं फार कठीण.

दीर्घकाळाचा खरा बदल भरती-ओहोटी घडवते. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची. चंद्राने ओढलेलं हे पाणी जगभरच्या समुद्रतळांवर घासत राहतं आणि पृथ्वीला हळूहळू आवरतं. दिवस शतकाला सुमारे 2 मिलिसेकंदांनी लांबतो आणि चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातो. सुमात्राच्या भूकंपाने दिवसातून जेवढं कापलं, तेवढं भरती चार-पाच महिन्यांत परत जोडते.

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिच्या अभ्यासाचा चुंबकीय ध्रुव, ज्याच्याकडे होकायंत्राची सुई रोखते, हे वरच्या दोन आसांहून वेगळं, तिसरंच प्रकरण. तो वर्षाला अनेक किलोमीटर भटकतो. त्याचा भूकंपाशी संबंध नाही.

(दृश्य: शेतातली बोअरवेल, पंपाच्या पाइपातून धो धो पाणी.)

आणि आता माणसाचा हात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1993 ते 2010 या काळातल्या भूजल उपशाचा हिशेब मांडला आहे. जमिनीखालून उपसलेलं पाणी शेवटी समुद्राला मिळतं, म्हणजे वस्तुमान जागा बदलतं. अंदाजे 2150 गिगाटन, म्हणजे 2150 अब्ज टन, पाण्याने परिवलनाचा ध्रुव, म्हणजे फिरण्याचा आस जिथे पृष्ठभागाला मिळतो ती जागा, सुमारे 80 सेंटिमीटर सरकला. यात सर्वांत मोठा वाटा दोन प्रदेशांचा, पश्चिम उत्तर अमेरिका आणि आपला वायव्य भारत. दोन्ही मध्य अक्षांशांवर, जिथून ध्रुव सर्वांत सहज हलतो. तोहोकूच्या भूकंपाने काही मिनिटांत आकृतीचा आस 17 सेंटिमीटर हलवला. पंपांनी सतरा वर्षांत परिवलनाचा ध्रुव त्याच्या चौपटीहून जास्त.