अळीचा डीएनए वाचायचा आहे, पण नळीत नेमके काय टाकलेत?

नमस्कार मंडळी. माझ्या हातातील ही वालाची शेंग आज सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या मंडईतून आणलेली आहे. देठाच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक दिसते, त्याच्या कडेला ओलसर विष्ठेचे कण चिकटलेले आहेत आणि शेंग उकलली तर आत एक दाणा अर्धा खाल्लेला, दुसऱ्याचे नुसते साल उरलेले. ही पाहा अळी. हिरवी आहे, दोन्ही अंगांनी तपकिरी पट्टा आहे. भाजीवाल्या मावशींनी तिच्याकडे एकवार पाहिले आणि ‘औषध नाही मारलेले, म्हणून तर किडली’ असे सांगून मला आणखी पावशेर शेंगा घ्यायला लावल्या.

‘कडधान्यांवरील किडींसाठी डीएनए सिक्वेन्सिंग करतात म्हणे, त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग?’ हा प्रश्न तुम्ही सतत विचारत आहात, म्हणून आजचा व्हिडिओ. प्राथमिक माहिती मी भरभर सांगते, कारण ती शाळेच्या पुस्तकातही आहे. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर आणि सिक्वेन्सिंग म्हणजे त्या अक्षरांचा क्रम वाचणे. हरभऱ्यावरील घाटेअळीचा, म्हणजेच हेलिकोव्हर्पा आर्मिजेराचा, संपूर्ण जनुकसंच सुमारे ३४ कोटी अक्षरांचा असून तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अळीची नुसती ओळख पटवायची असेल, तर एवढे वाचावे लागत नाही. सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा पुरतो. त्याला डीएनए बारकोड म्हणतात. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली.

पुढे जाण्यापूर्वी एक तक्रार. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या प्रतिक्रिया ‘म्हणजे तुम्ही जनुकीय बदल केलेल्या तुरीचा प्रचार करता’ अशा होत्या. वाचणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. नायजेरियात २०१९ मध्ये शेंगा पोखरणाऱ्या अळीला दाद न देणाऱ्या चवळीच्या वाणाला परवानगी मिळाली. त्या चवळीत जिवाणूचे जनुक घातलेले आहे, म्हणजे तेथे मजकूर बदललेला आहे. त्याविषयी भांडायचे असेल तर जरूर भांडू, पण स्वतंत्र व्हिडिओत. आज आपण अळीचा डीएनए फक्त वाचतो आहोत. पिकाला हातही लावत नाही.

आता ओळख पटवण्याची गरज का पडते, ते पाहू. घाटेअळी खाल्लेल्या अन्नानुसार हिरवी, पिवळसर, तपकिरी, क्वचित गुलाबीसुद्धा दिसते. वालावर अडिसुरा नावाची दुसरी एक अळी येते, तीही हिरवी आणि तपकिरी पट्ट्यांची. मरुका, म्हणजे ठिपक्यांची अळी, फुले आणि शेंगा जाळ्याने एकत्र गुंडाळते, त्यामुळे मोठी झाल्यावर ती ओळखू येते. लहानपणी मात्र अनुभवी माणूसही फसतो. ‘अळी ती अळी, नाव कशाला हवे?’ असे म्हणणाऱ्यांनी कामगंध सापळ्याचा विचार करावा. त्यातील ल्युअरला, म्हणजे मादीचा वास असलेल्या वडीला, ठरावीक जातीचेच नर पतंग येतात. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस रोज ८ ते १० पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्या, ही शिफारस घाटेअळीसाठी आहे. शेतात मरुका असेल, तर घाटेअळीचा सापळा रिकामा राहील आणि फुले मात्र गळत राहतील. एचएएनपीव्ही या विषाणूचेही तसेच आहे. तो घाटेअळी आणि तिच्या जवळच्या नात्यातील मोजक्या अळ्यांनाच मारतो, म्हणून मित्रकीटकांना आणि आपल्याला निर्धोक आहे. पण म्हणूनच मरुकावर त्याची फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

इथवर बहुतेकांना पटते. खरी गडबड त्यानंतर होते आणि ती प्रयोगशाळेत होत नाही, शेताच्या बांधावर होते. यंत्राला तुमचा प्रश्न ठाऊक नसतो. नळीत जे आले, ते त्याने वाचून द्यायचे. माझ्याच फजितीने सुरुवात करते.

कीटकशास्त्र शिकत असताना मी मुरबाडला मामाच्या शेतावर गेले होते. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर तेथे वाल आणि हरभरा करतात. हरभऱ्यातून मी सहा अळ्या उचलल्या, सहा नळ्यांत घातल्या आणि मोठ्या अभिमानाने खासगी प्रयोगशाळेत पाठवल्या. चार नळ्यांचे उत्तर घाटेअळी असे आले आणि दोन नळ्यांचे उत्तर चक्क गांधीलमाशीच्या कुळातील एका कीटकाचे आले. मी प्रयोगशाळेवरच चिडले. अळी मी स्वतःच्या हातांनी उचलली होती, तिला पंख नव्हते, मग हे काय? आमच्या सरांनी अहवाल वाचला आणि हसून विचारले, ‘अळी सुस्त होती का?’ होती. कॅम्पोलेटिस नावाचा परजीवी कीटक लहान घाटेअळीच्या शरीरात अंडे घालतो, त्याची अळी आतल्या आत वाढते आणि शेवटी बाहेर येऊन कोष विणते. बारकोडसाठी वापरतात ती रसायने बहुतेक सगळ्या कीटकांचा तो तुकडा पकडू शकतात, त्यामुळे यजमानाऐवजी पाहुण्याचे नाव छापून आले. उत्तर चूक नव्हते, माझा प्रश्न अपुरा होता. शिवाय तीच माहिती मामाच्या सर्वांत जास्त कामाची ठरली, कारण सहापैकी दोन अळ्यांत मित्रकीटक असताना त्याने जहाल औषध मारले असते, तर बिनपगारी मजूरच मारून टाकले असते.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहा. तुमच्यापैकी अनेकांनी अळ्या सॅनिटायझरमध्ये बुडवल्याचे फोटो पाठवले आहेत. एकाने फॉर्मलिन वापरले आहे. फॉर्मलिनमध्ये अळी दिसायला सुबक राहते, पण तिचा डीएनए खराब होतो. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि इतर पदार्थ मिसळलेले असतात. नमुन्यासाठी ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल हवे आणि एका नळीत एकच अळी हवी. अळीच्या शरीरात पाणी भरपूर असते आणि ते बाहेर येऊन इथेनॉल पातळ करते. म्हणून अळी मोठी असेल तर दुसऱ्या दिवशी ते बदलावे. नळीवर पेनाने लिहू नका, कारण एक थेंब सांडला की शाई पुसली जाते. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, पीक आणि तारीख लिहा आणि ती चिठ्ठी नळीच्या आत टाका. [नळी कॅमेऱ्याजवळ धरते] पेन्सिलीचे अक्षर इथेनॉलमध्ये वर्षानुवर्षे टिकते. ही चिठ्ठी मुरबाडच्या त्याच हरभऱ्याची आहे, तारीख अजून वाचता येते.

तिसरी बाजू अधिक अवघड आहे, कारण येथे प्रश्न नावाचा उरत नाही. ‘बारकोड केला, घाटेअळीच निघाली, आता कोणते औषध मारू?’ असे वाशीच्या एका प्रेक्षकाने विचारले आहे; त्यांची तुरीची शेती लातूरकडे आहे. बारकोड फक्त नाव सांगतो. औषध लागू पडेल की नाही, ते दुसऱ्या जनुकांत लिहिलेले असते. घाटेअळीत शेजारी शेजारी असलेल्या दोन जनुकांचे तुकडे जुळून सीवायपी३३७बी३ नावाचे एक नवे जनुक तयार झालेले सापडले. हे जनुक असलेली अळी फेनव्हेलरेट या पायरेथ्रॉइड गटातील औषधाची मोडतोड करून जगते. हे २०१२ मध्ये उलगडले आणि आता हे जनुक शोधण्यासाठी सगळा जनुकसंच वाचण्याचीही गरज नसते, त्या सांध्यापुरता तुकडा शोधणारी साधी पीसीआर चाचणी चालते.

मात्र ‘या अळीत ते जनुक आहे’ एवढे कळून काही ठरत नाही. शंभरातील किती अळ्यांत आहे, ते कळले पाहिजे. आता पुन्हा नळीकडे या. तुम्ही एकाच ओळीतील शेजारच्या चार झाडांवरून अळ्या उचलल्या, तर त्या एकाच मादीची पिल्ले असू शकतात, कारण मादी अंडी एकेक करून घालते खरी, पण शेकड्यांनी घालते. मग चार नळ्या म्हणजे एकाच घराची चार रेशनकार्डे झाली. आणि फवारणीनंतर अळ्या गोळा केल्या, तर औषधाने मेल्या त्या मोजणीतून गेल्या आणि वाचल्या त्याच नळीत आल्या. साहजिकच अहवालात प्रतिकारक अळ्यांचे प्रमाण फुगलेले दिसणार आणि तुम्ही चांगले औषध विनाकारण बाद ठरवणार. नमुना फवारणीपूर्वी घ्यावा, शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून घ्यावा आणि जमल्यास आजूबाजूच्या शेतांतूनही घ्यावा, कारण पतंगाला बांध दिसत नाही.

नाव चुकले की किती महागात पडते, ते ब्राझीलने अनुभवले. तेथे हेलिकोव्हर्पा झिया ही अमेरिका खंडातील जात आधीपासून होती. तिचा पतंग आणि घाटेअळीचा पतंग नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. सोयाबीन आणि कपाशीवर नेहमीची औषधे चालेनाशी झाली, तेव्हा डीएनए तपासला गेला आणि २०१३ मध्ये आपली घाटेअळी तेथे पोहोचल्याचे जाहीर झाले. पुढे दोन्ही जातींचा संकरही आढळला आणि तेथे बारकोडची मर्यादा उघडी पडली, कारण सीओआय जनुक फक्त आईकडून येते. संकरित अळी बारकोडमध्ये आईचेच नाव सांगते, बापाचा पत्ता लागत नाही.

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारले आहे की, डब्यातील मुगाला भुंगे लागले, तर त्यांचेही सिक्वेन्सिंग करावे का. अजिबात नको. दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो ते अंडे आणि गोल भोक दिसते ती बाहेर पडण्याची वाट. मूग चाळा, कडक उन्हात वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जात कोणतीही असली तरी उपाय हाच राहणार असेल, तर नाव शोधण्याचा खर्च कशासाठी?

परवा मुरबाडहून मामेभावाचा फोन आला. माझे व्हिडिओ पाहून त्याने यंदा स्वतःहून बरणीत बारा अळ्या धरून ठेवल्या होत्या. वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या आहेत, असे त्याने आवर्जून सांगितले. मी विचारले, ‘फवारणी कधी केलीस?’ तो म्हणाला, ‘काल संध्याकाळी.’ थोडा वेळ दोघेही गप्प राहिलो. मग त्याने विचारले, ‘आता या कोंबड्यांना टाकू का?’ मी म्हटले, ‘औषध अंगावर आहे रे त्यांच्या, कोंबड्यांना नको.’