जवसाच्या पैशावर उभं राहिलेलं चर्च

मंडळी, फ्रान्समधल्या गिमिलियो गावच्या चर्चबद्दल बोलायला आलोय, पण सुरुवात जवसापासून करू या. आपण चटणी करतो तेच जवस. आपला सगळा जीव त्याच्या बीत. फ्रान्सच्या पार पश्चिमेला, ब्रिटनीतल्या लेऑं भागात सोळाव्या-सतराव्या शतकात लोकांचं लक्ष असायचं काडीवर. काडी पाण्यात कुजवून झोडपली की आतून धागा निघतो. त्याचं कापड म्हणजे लिनन. पेरणीचं बी बाल्टिक समुद्राकडून जहाजानं रॉस्कोफ बंदरात यायचं. सूत विणण्याआधीच राखेच्या पाण्यात उकळून, धुऊन पांढरं करत. त्यासाठी ओढ्याकाठी दगडी धुलाईघरं होती, ब्रेटन भाषेत त्यांना ‘कांदी’ म्हणतात. कापड मोर्ले बंदरातून निघायचं, मोठं गिऱ्हाईक इंग्लंड. या धंद्यात शेतकरीच व्यापारी झाले, गबर झाले. आणि पैसा ओतला गावच्या चर्चमध्ये.

हे मुद्दाम आधी सांगतोय. याच लेऑंमधल्या गिमिलियोचं चर्च बघितलं की वाटतं, कुणी राजानं बांधलं असणार. गाव आजही हजारेक वस्तीचं! कारभार बघायची ती ‘फाब्रिक’, म्हणजे गावकऱ्यांचीच विश्वस्त मंडळी, आपल्या देवस्थानच्या पंचांसारखी. शेजारच्या सॅं-तेगोनेकनं काही उभारलं की आपणही मागे राहायचं नाही, ही चुरसही पंचांसारखीच.

ब्रिटनीत नुसतं चर्च बघायचं नसतं, आवार बघायचं. भोवती दगडी गडगा, आत यायला कमानीचं दार. त्या दाराला ‘मरणाचं दार’ म्हणतात, कारण गावकऱ्याची शेवटची फेरी त्यातूनच. आत कबरी. जागा एवढीशी, मग जुनी हाडं काढून अस्थिगृहात रचायची. जवळच्या ला रॉश-मॉरिस गावात 1639 च्या अस्थिगृहावर आंकू कोरलाय. आंकू म्हणजे ब्रेटन लोकांचा यमदूत. शेजारी लिहिलंय, ‘मी तुम्हा सगळ्यांना मारतो’. गोडीगुलाबी नाहीच.

गिमिलियोत सगळ्यात आधी डोळे जातात ते काल्व्हेरवर. काल्व्हेर म्हणजे क्रुसाभोवती कोरलेलं येशूचं चरित्र. यावर 1581 आणि 1588 ही सालं कोरलेली आहेत आणि सुमारे दोनशे आकृत्या आहेत. वाचता न येणाऱ्याला गोष्ट इथे दिसायची. गंमत अशी, की येशूला पकडणारे शिपाई रोमन नाहीतच. कपडे कोरणाऱ्याच्या काळातले, गावानं रस्त्यावर बघितलेले. दगड कर्सांतों, ब्रेस्टच्या खाडीजवळचा, काळपट. खाणीतून ताजा काढला की छिन्नीला मऊ लागतो, मग ऊनपावसात टणक होत जातो. म्हणून चारशे वर्षांनंतरही दाढीचे केस मोजता येतात.

या गर्दीत एक कातेल गोल्लेत आहे. बायबलात तिला शोधू नका, ती ब्रेटन लोककथेतली. नाचगाण्याची नादी पोरगी. धर्मगुरूपुढे पापं कबूल करायची असतात, त्या कबुलीजबाबात पाप लपवलं, प्रसादाची पवित्र भाकरी चोरून सैतानाला दिली. इथे सैतान तिला नरकाच्या जबड्यात ओढतायत. बाकीचे चेहरे शांत, ठोकळेबाज. सगळा जीव ओतलाय तो या बाईत. कोरणाऱ्याला पुण्यवानांपेक्षा तीच जास्त आवडली असावी, असं माझं आपलं मत.

आत जाऊ. बाप्तिस्म्याच्या कुंडावर 1675 चं ओकच्या लाकडाचं छत्र आहे. आठ पिळाचे खांब, त्यांवर द्राक्षवेल. बाहेर काळा दगड आणि आत हे, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. ऑर्गन, म्हणजे चर्चमधलं नळ्यांचं मोठं वाद्य, त्याच सुमाराचा, टॉमस डॅलमनं बांधलेला. हे घराणं इंग्लंडमधलं, कॅथलिक. यादवी पेटली तेव्हा 1642 मध्ये याचा बाप रॉबर्ट ब्रिटनीत पळून आला. आणि आजोबा, तेही टॉमसच, राणी एलिझाबेथनं ऑटोमन सुलतानाला भेट दिलेला आपोआप वाजणारा ऑर्गन घेऊन 1599 मध्ये इस्तंबूलला गेले होते. त्यांचा नातू जवसवाल्यांच्या खेड्यात!

पण तेव्हाच धंद्याला उतरती कळा लागत होती. फ्रान्सनं जकाती वाढवल्या. 1678 मध्ये इंग्लंडनं फ्रेंच मालावर बंदी घातली. पुढे लढायाच सुरू झाल्या. अठराव्या शतकात नव्या फॅशनचं काही उभारायला गावाकडे पूर्वीसारखा पैसा उरला नाही, म्हणूनच जुनं आपल्याला दिसतं.

तिथे गेलात तर दफनाच्या छोट्या चॅपेलला, 1648 च्या, बाहेरून वळसा घाला. भिंतीतून दगडी व्यासपीठ पुढे आलंय. धर्मगुरू तिथून उघड्यावर प्रवचन द्यायचे, आणि ऐकणारे उभे असायचे ते आपल्याच आज्या-पणज्यांच्या कबरींवर.