वीस गणितं, पाच डोकी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते 'बाल्टिक वे' या गणिताच्या स्पर्धेविषयी. ही शाळकरी मुलांची स्पर्धा आहे, आंतरराष्ट्रीय आहे, आणि मुख्य म्हणजे संघाची आहे. बाल्टिक समुद्राभोवतालचे देश तिच्यात उतरतात.

स्वरूप थोडक्यात सांगते. एका संघात पाच मुलं. वीस गणितं, साडेचार तास. प्रत्येक गणिताला पाच गुण, एकूण शंभर. पाचांनी एकत्र बसायचं, कागदावर आकृत्या काढायच्या, एकमेकांच्या चुका धरायच्या आणि प्रत्येक गणिताची एकच उकल द्यायची. पुन्हा सांगते: पाच जण, वीस गणितं, आणि संघाची उकल एकच.

आता या नावाची हकीकत ऐका. मला ती फार प्रिय आहे, म्हणून सविस्तर सांगते.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरची जर्मनी आणि स्टॅलिनचा सोव्हिएत संघ यांच्यात मॉस्कोत करार झाला. त्यातल्या गुप्त कलमांत पूर्व युरोपची वाटणी होती. वर्षभरात एस्टोनिया, लात्विया आणि लिथुआनिया हे तीन छोटे देश सोव्हिएत संघाने गिळले. आणि मॉस्को कित्येक दशकं म्हणत राहिलं, अशी कलमं नाहीतच.

बरोबर पन्नास वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ला, संध्याकाळी सात वाजता तिथली माणसं रस्त्यावर आली आणि त्यांनी एकमेकांचे हात धरले. एस्टोनियातल्या टालिनपासून लात्वियातल्या रिगामार्गे थेट लिथुआनियातल्या विल्नियसपर्यंत! सहाशे किलोमीटरहून लांब साखळी. मुंबईहून निघून पार गोव्यात पोचावं, एवढं अंतर. सुमारे वीस लाख माणसं होती. तिन्हींची लोकसंख्या मिळून ऐंशी लाखांच्या घरात, म्हणजे चौघांतला एक जण त्या साखळीत उभा होता. शहरातली माणसं बस भरभरून आडरस्त्यांवर नेली होती. वाहनांच्या कोंडीत जे अडकले, त्यांनी जिथे होते तिथेच हात धरले. वरून विमानांतून फुलं पडत होती.

आणि हे सगळं जुळवलं कशाने? रेडिओने! खास प्रसारणं चालू होती, त्यांवरून सूचना मिळत होत्या.   

साधारण पंधरा मिनिटं हात धरलेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोला ती गुप्त कलमं मान्य करावी लागली.

पुढच्याच वर्षी, १९९० साली, रिगात या तिघांच्या शाळकरी मुलांची गणिताची पहिली स्पर्धा भरली आणि तिला त्या साखळीचंच नाव दिलं. तिन्ही देश तेव्हा स्वतंत्र झालेलेही नव्हते. मग फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, पोलंड, जर्मनी असे देश येत गेले. आणि आइसलंड! आइसलंड बाल्टिक समुद्रापासून किती दूर, पार अटलांटिकमध्ये. पण १९९१ साली या देशांच्या स्वातंत्र्याला सगळ्यांत आधी मान्यता दिली ती या चिमुकल्या देशाने. म्हणून त्याला मानाने बोलावतात. १९९९ची स्पर्धा तर आइसलंडच्याच राजधानीत, रेक्याविकला झाली.

आपली मुलं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला १९८९पासून जातात, १९९६ साली तो मुंबईतच भरला होता. तिथेही देशाचा सहा जणांचा संघ असतो, पण पेपर ज्याचा त्याने एकट्याने सोडवायचा. त्याची थोरवी मी मानतेच. पण निकाल लागला की क्लासच्या फलकांवर एकेका मुलाचा फोटो आणि टक्के झळकतात, ते मला मनापासून खटकतं. पाच जणांनी मिळून सोडवलेल्या गणिताचा फलक मी अजून कुठे पाहिलेला नाही.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक सांगते. 'बाल्टिक वे'च्या जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर इंग्रजीत मोफत मिळतात. नववी-दहावीच्या मुलांना वीसच्या वीस गणितं जड जातील, तेव्हा चार-पाच निवडा आणि मराठीत फळ्यावर लिहा. पेन, पट्टी, कंपास एवढंच जवळ ठेवू द्या, कॅल्क्युलेटर नाही. स्पर्धेत पहिला अर्धा तास प्रश्नाविषयी शंका विचारता येतात, तेवढी मुभा तुम्हीही द्या. त्यानंतर मात्र मुलांनी कितीही कल्ला केला, तरी मध्ये बोलू नका.